ध्रुवीय बर्फाखाली काय दडलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्यामुळे अंटार्क्टिका हा विषय गोव्यात भूगोलाच्या पुस्तकापुरता राहत नाही. कुणाचा शेजारी, कुणाचा मावसभाऊ तिथल्या 'मैत्री' या भारतीय केंद्रावर हिवाळा काढून आलेला असतो. त्याच वेळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात बर्फाखालचे पिरॅमिड, नाझींचे तळ आणि ध्रुवावरचं भगदाड यांचे व्हिडिओ फिरत असतात. नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देताना पट्टी एकच लावली आहे: तिथला बर्फ किती जुना, हे आधी विचारायचं. बरीच रहस्यं तिथेच निकालात निघतात. उरतात ती मात्र झोप उडवणारी आहेत.

उत्तर ध्रुवाच्या आणि दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली सारखंच असतं का?

अजिबात नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. तिथे समुद्र आहे, चार किलोमीटरहून खोल, आणि त्यावर तरंगणारा बर्फाचा थर जेमतेम काही मीटरांचा. 'नॉटिलस' ही अमेरिकेची अणुपाणबुडी ३ ऑगस्ट १९५८ रोजी त्या बर्फाखालून थेट ध्रुवबिंदू ओलांडून गेली. दक्षिणेला भारताच्या चौपटीहून मोठा खंड आहे आणि त्याच्यावर सरासरी १.९ किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. सर्वांत जाड ठिकाणी तो पावणेपाच किलोमीटरच्या आसपास जातो. ग्रीनलंड उत्तरेला असलं तरी तिथेही जमिनीवरचा हिमस्तर आहे, मधोमध तीन किलोमीटरहून जाड. 'ध्रुवीय बर्फाखाली' असं कुणी म्हणालं की या तिघांपैकी कोणता, हे विचारून घ्यावं.

बर्फ किती जुना आहे?

अंटार्क्टिकावर मोठे हिमस्तर साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी जमायला लागले. मधल्या काळात ते कमी-जास्त झाले, पण पूर्व अंटार्क्टिकाचा मुख्य भाग गेली सुमारे १ कोटी ४० लाख वर्षं झाकलेलाच आहे. आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तर पुढची अर्धी उत्तरं तुमची तुम्हाला देता येतील.

पण बर्फाचा सर्वांत जुना सलग नमुना तर बारा लाख वर्षांचाच आहे म्हणतात. मग कोट्यवधी वर्षांचा हिशेब कुठून आणला?

प्रश्न चांगला आहे. बर्फ वाहतो. तव्यावर ओतलेलं घावनाचं पीठ जसं मधून कडेला पसरतं, तसा हिमस्तर स्वतःच्या वजनाने किनाऱ्याकडे सरकत राहतो आणि शेवटी हिमनग होऊन समुद्रात तुटतो. वरून नवा बर्फ पडतो, तळाचा बर्फ पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने वितळतो. म्हणजे हिमस्तर जुना, पण त्यातला बर्फ बदलता. पूर्व अंटार्क्टिकातल्या डोम सी इथे युरोपीय चमूने २००४ पर्यंत आठ लाख वर्षांचे सलग थर काढले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याच परिसरात २,८०० मीटर खोल जाऊन बारा लाख वर्षांपर्यंत मजल गेली.

हिमस्तराचं स्वतःचं वय कळतं समुद्रतळातून. हिमनग आपल्याबरोबर दगडगोटे नेतात आणि वितळताना समुद्रात टाकतात. तळाच्या गाळात असे दगड कोणत्या थरापासून दिसू लागतात ते बघायचं. यातला महत्त्वाचा पुरावा प्रिड्झ उपसागरात मिळाला. भारताचं 'भारती' हे केंद्र त्याच उपसागराच्या किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांवर २०१२ पासून उभं आहे.

बर्फाचे असे दंडगोल वास्कोच्या केंद्रातही आहेत. बाहेर मे महिन्यात अंगातून धारा लागलेल्या, आणि आत उणे २० अंशांत शेकडो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत कोंडलेली. गोव्यातली सर्वांत थंड खोली कदाचित हीच असावी.

दोन-तीन किलोमीटर बर्फाखाली काय आहे ते न खणता कसं कळतं?

मुख्यतः रडारने. थंड बर्फातून ठरावीक कंपनांच्या रेडिओलहरी आरपार जातात, खडकावर किंवा पाण्यावर आपटून परततात. विमानाच्या पंखाखाली अँटेना लावून हजारो किलोमीटर उडायचं आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून खोली काढायची, हे तंत्र १९६० च्या दशकापासून रुळलं. पाण्यावरून येणारा प्रतिध्वनी जास्त लखलखीत आणि सपाट असतो, म्हणून सरोवरं ओळखू येतात. त्याआधी बर्फात छोटे स्फोट करून कंपनं मोजत. गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व मोजून खडकाचा प्रकार कळतो. उपग्रहाचा लेसर तर बर्फाचा पृष्ठभाग काही सेंटिमीटरांनी फुगला किंवा बसला तरी टिपतो. खालचं एखादं सरोवर भरलं की वरचा बर्फ उचलला जातो, रिकामं झालं की खचतो.

'तिथे काय आहे ते कुणालाच माहीत नाही' हे वाक्य म्हणूनच जुनं झालं आहे. तळाचा नकाशा आहे, तो फुकट उपलब्ध आहे, आणि दर काही वर्षांनी सुधारला जातो. काही भागांत मोजणीच्या दोन रेषांमध्ये अजून मोठं अंतर आहे, एवढं खरं.

बर्फाखाली खरंच सरोवरं आहेत? उणे ऐंशी अंशांत पाणी गोठत कसं नाही?

आहेत, आणि चारशेहून जास्त. सर्वांत मोठं व्होस्टोक. त्याचं क्षेत्रफळ सुमारे १२,५०० चौरस किलोमीटर. आख्खा गोवा ३,७०२. म्हणजे तीन गोवे आत घालूनही काठाला जागा उरेल. लांबी अडीचशे किलोमीटर, आणि डोक्यावर सुमारे चार किलोमीटर बर्फ. त्याच्या वर जे रशियन केंद्र आहे तिथे २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. जमिनीवर मोजलेलं हे आजवरचं नीचांकी तापमान.

पाणी गोठत नाही याला कारणं तीन. एवढ्या बर्फाच्या दाबाखाली पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली अडीच-तीन अंश सरकतो. खालून पृथ्वीची उष्णता सतत झिरपत असते. आणि वरचा बर्फ गोधडीसारखा ती उष्णता धरून ठेवतो. उणे ८९ हे वरच्या हवेचं तापमान. जसजसं खाली जावं तसतसा बर्फ उबदार होत जातो.

या सरोवराची चाहूल सोव्हिएत भूगोलतज्ज्ञ आंद्रेई कापित्सा यांच्या १९५९ आणि १९६४ च्या कंपन-मोजणीत लागली होती, पण त्याचा पूर्ण आकार जगासमोर आला १९९६ साली. रशियन चमूचं गिरमिट ५ फेब्रुवारी २०१२ रोजी ३,७६९ मीटरांवर पाण्याला टेकलं. दाबाखालचं पाणी उसळून भोकात वर चढलं आणि गोठलं. भोक बुजू नये म्हणून त्यात केरोसिन भरलेलं होतं, त्यामुळे नमुन्यात सापडलेले जंतू सरोवरातले की केरोसिनमधले यावर जी भांडणं सुरू झाली ती अजून मिटलेली नाहीत. कोट्यवधी वर्षं बंद असलेल्या पाण्याचं झाकण उघडायचं आणि तेही केरोसिनच्या हाताने, हे मला तरी पटत नाही. पण एवढ्या खोल भोक पाडायचं दुसरं साधन त्या चमूकडे नव्हतं, हेही खरं.

मग खाली जीव आहेत की नाहीत?

आहेत, आणि याचा निर्विवाद पुरावा दुसऱ्याच सरोवरातून आला. पश्चिम अंटार्क्टिकातलं व्हिलन्स सरोवर ८०० मीटर बर्फाखाली आहे, पाणी जेमतेम दोन मीटर. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी चमूने गाळलेल्या, जंतुरहित केलेल्या गरम पाण्याने भोक पाडलं. मिलिलिटरमागे लाखाहून जास्त सूक्ष्मजीव निघाले. सूर्य नाही, झाडपाला नाही. ही मंडळी खडकातल्या लोह, गंधक आणि अमोनियावर गुजराण करतात. डिसेंबर २०१८ मध्ये मर्सर सरोवरात तर चिमुकल्या कवचधारी प्राण्यांचे आणि जलअस्वल या आठपायी सूक्ष्म जीवाचे अवशेष सापडले. ते बहुधा जुन्या उबदार काळात डोंगरातल्या डबक्यांतून वाहून आलेले असावेत.

हिमफळ्यांखालची, म्हणजे किनाऱ्याला चिकटून समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाखालची, गोष्ट आणखी गंमतशीर आहे. फिल्कनर-रॉने हिमफळीत ९०० मीटर भोक पाडून ब्रिटिश चमूला गाळाचा नमुना घ्यायचा होता. कॅमेरा आदळला एका धोंड्यावर. चमू चरफडला असणार. नंतर चित्रीकरण नीट पाहिलं तर धोंड्याला स्पंज चिकटलेले! उघडा समुद्र तिथून २६० किलोमीटर दूर. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं.

टेलर हिमनदीच्या तोंडातून वाहणारा लाल 'रक्ताचा धबधबा' याच जातीचा. १९११ साली ग्रिफिथ टेलर यांना तो दिसला, तेव्हा रंग शेवाळाचा वाटला होता. प्रत्यक्षात तो हिमनदीखालच्या लोहयुक्त खाऱ्या पाण्याचा गंज आहे. गोव्यात खाणपट्ट्यातला पावसाळा बघितलेल्याला लोहाचा हा रंग वेगळा सांगायला नको.

बर्फाखाली डोंगर-दऱ्या आहेत?

पूर्व अंटार्क्टिकात गाम्बुर्त्सेव्ह नावाची आख्खी पर्वतरांग आहे, आल्प्सच्या तोडीची, आणि तिचं एकही शिखर बाहेर डोकावत नाही. १९५८ साली सोव्हिएत मोहिमेला तिचा शोध लागला. शिखरं सुमारे तीन हजार मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. डेनमन हिमनदीखालची घळ समुद्रसपाटीच्या साडेतीन हजार मीटर खाली जाते. समुद्र सोडला तर पृथ्वीवर याहून खोल जागा माहीत नाही. ग्रीनलंडखालीही ७५० किलोमीटर लांबीची घळ २०१३ साली नकाशावर आली. पश्चिम अंटार्क्टिकात बर्फाखाली ज्वालामुखींचा मोठा पट्टा आहे. २०१७ च्या एका ब्रिटिश अभ्यासाने १३८ मोजले, त्यातले ९१ नवे. त्यांपैकी किती जागे आहेत हा वेगळा प्रश्न.

त्या पिरॅमिडचं काय? फोटो तर खरा आहे.

फोटो खराच आहे. एल्सवर्थ पर्वतात १,२६५ मीटर उंचीचं चौकोनी पायाचं शिखर आहे, आणि ते २०१६ मध्ये समाजमाध्यमांवर गाजलं. खडकाच्या भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं, खडक फोडतं. चारी बाजूंनी असं झालं की शिखराला धारदार कडा येतात. स्वित्झर्लंडचं मॅटरहॉर्न असंच घडलं. शिवाय हे शिखर बर्फाखाली नाहीच. ते चांगलं उघड्यावर आहे.

हिटलरचा गुप्त तळ तिथे होता, हे तरी खरं ना? जर्मन लोक गेले होते की.

गेले होते. 'श्वाबेनलांड' हे जहाज घेऊन १९३९ च्या सुरुवातीला कॅप्टन आल्फ्रेड रिट्शर यांची मोहीम काही आठवडे तिथे होती. जर्मनीला देवमाशांच्या तेलासाठी शिकारीचं क्षेत्र हवं होतं. जहाजावरून विमानं उडवून त्यांनी फोटो काढले, हक्काची खूण म्हणून स्वस्तिक कोरलेले धातूचे बाण खाली टाकले, आणि निघून गेले. तळ बांधला नाही.

आता यातला आपल्याशी जोडलेला भाग. त्या मोहिमेतल्या एका वैमानिकाचं नाव शिरमाकर. त्याला बर्फाच्या मधोमध उघड्या खडकाची आणि तळ्यांची जागा दिसली, आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. भारताचं 'मैत्री' केंद्र १९८९ पासून त्याच शिरमाकर ओएसिसवर उभं आहे. रशियाचं नोवोलाझारेव्हस्काया तर १९६१ पासून शेजारी आहे. ज्या मुलखात नाझींचं भुयारी शहर असल्याचं सांगतात, तिथेच आपली माणसं गेली साडेतीन दशकं डाळ-भात शिजवताहेत, हवामान मोजताहेत, खडक फोडून बघताहेत. वास्कोत परतलेल्या कुणालाही विचारा, पाणबुडीची गोदी कुठे दिसली का.

'ऑपरेशन हायजंप'ची शेपटीही याला जोडतात. १९४६-४७ मध्ये अ‍ॅडमिरल बर्ड यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने १३ जहाजं आणि सुमारे ४,७०० माणसं पाठवली. उद्देश थंडीत युद्धाचा सराव हा होता, कारण सोव्हिएत संघाशी पुढचा झगडा उत्तर ध्रुवाकडे होईल असा अंदाज होता. हिवाळा तोंडावर आला म्हणून मोहीम लवकर गुंडाळली. आणि बर्ड यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या 'गुप्त डायरी'त उत्तर ध्रुवावरचं उड्डाण आहे फेब्रुवारी १९४७ चं. त्या महिन्यात ते अंटार्क्टिकावर होते!

पृथ्वी पोकळ आहे आणि ध्रुवावर भगदाड आहे, त्याचा उपग्रहाने काढलेला फोटो आहे.

तो १९६८ सालचा, अनेक चित्रं जोडून बनवलेला. नोव्हेंबरमध्ये उत्तर ध्रुवावर अखंड रात्र असते. सूर्यप्रकाश नाही म्हणून मधला भाग काळा. वर्षाच्या दुसऱ्या टोकाला तेच भगदाड दक्षिणेला सरकतं.

आणि सपाट पृथ्वीच्या कडेची बर्फाची भिंत?

१९५७-५८ मध्ये ब्रिटिश संशोधक फुक्स यांची मोहीम या 'भिंती'च्या, म्हणजे अंटार्क्टिकाच्या, एका बाजूने चढून ध्रुवावरून दुसऱ्या बाजूला उतरली. पुढचा प्रश्न.

१५१३ सालच्या तुर्की नकाशात बर्फ नसलेला अंटार्क्टिका दाखवलाय. अटलांटिस तिथेच बुडालं नसेल कशावरून?

पिरी रेइस या उस्मानी नौदल अधिकाऱ्याचा नकाशा १९२९ साली इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडला. त्यात दक्षिण अमेरिकेचा किनारा खाली जाऊन पूर्वेला वळतो. चामड्याचा तुकडा तिथे संपतो, हे एक कारण असू शकतं. त्या काळी दक्षिणेला मोठी भूमी असलीच पाहिजे असं गृहीत धरून नकाशे काढत, हे दुसरं. पण पट्टी लावून बघा: तो किनारा बर्फाशिवाय पाहायला माणूस हजर हवा, आणि तेव्हा माणूस नव्हता. शिवाय वरचा बर्फ काढला तर खंडाचा आकार आजच्यासारखा राहत नाही. पश्चिम भागाचा मोठा तुकडा समुद्रसपाटीच्या खाली आहे; तिथे बेटंच उरतील. नकाशात तसं काहीच नाही. अटलांटिसचा निकालही याच हिशेबात लागतो.

लोकमान्य टिळकांनीच आर्यांचं मूळस्थान उत्तर ध्रुवाकडे सांगितलं होतं. ते बर्फाखाली सापडेल का?

मराठी माणसांत हा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोकमान्यांचा ग्रंथ १९०३ साली आला. ऋग्वेदातली उषा बरेच दिवस रेंगाळते, देवांचा दिवस सहा महिन्यांचा आणि रात्र सहा महिन्यांची, अवेस्तात हिवाळ्याच्या भयंकर प्रलयाची कथा आहे. अशा उल्लेखांची जुळणी करून त्यांनी मांडलं की या लोकांचे पूर्वज ध्रुवाभोवतालच्या प्रदेशात राहत होते आणि हिमयुगाच्या शेवटच्या फेऱ्याने त्यांना तिथून हुसकलं. मजकूर वाचण्याची त्यांची शिस्त आजही शिकण्यासारखी आहे.

अडचण भूशास्त्राची आहे. त्यांच्या मांडणीला इसवी सनापूर्वी दहा हजार वर्षांच्या आधी आर्क्टिक प्रदेशात सुखद हवामान हवं आहे. त्या काळच्या भूशास्त्रात असं मानायला जागा होती. आज बर्फाच्या थरांवरून कळतं की सुमारे २०,००० वर्षांपूर्वी थंडीचा कडेलोट होता आणि हिमयुग ११,७०० वर्षांपूर्वी संपलं. आर्क्टिक खरंच उबदार होतं ते त्याच्या कितीतरी आधी, सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी. म्हणजे हवं तेव्हा हवामान नाही, आणि हवामान होतं तेव्हा वैदिक भाषेचा संबंध लागू शकत नाही. मूळ ध्रुवबिंदूवर तर समुद्रच आहे.

आर्क्टिकमध्ये प्राचीन माणूस नव्हता असं मात्र नाही. सायबेरियात याना नदीकाठी, ७१ अंश उत्तरेला, तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांची वस्ती सापडली आहे. हाडांची हत्यारं, गव्याची आणि मॅमथची हाडं, हस्तिदंताचे दागिने. ते लोक थंडी असूनही तिथे राहिले. त्यांचा आणि वेदांचा दुवा कुणी दाखवू शकलेलं नाही.

मग बर्फाखाली माणसाचं म्हणून काहीच नाही?

आहे. फक्त ते सगळं वरून खाली गेलेलं आहे, गेल्या शे-सव्वाशे वर्षांत.

पहिलं उदाहरण आपलंच. भारताचं पहिलं केंद्र 'दक्षिण गंगोत्री' १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत उभं राहिलं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या डॉ. अदिती पंत याच मोहिमेत होत्या. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. केंद्र खडकावर नसून तरंगत्या हिमफळीवर बांधलं होतं. दर वर्षीचा बर्फ साठत गेला, इमारत खाली खाली गेली, आणि १९९० मध्ये ती सोडून द्यावी लागली. 'मैत्री'साठी खडक शोधला तो या धड्यानंतर. बर्फाखाली गडप झालेलं शहर ज्यांना बघायचं आहे त्यांनी आधी या केंद्राबद्दल वाचावं.

दुसरं खरोखरच गुपित होतं. अमेरिकी लष्कराने १९५९ साली ग्रीनलंडच्या बर्फात 'कॅम्प सेंच्युरी' हा बोगद्यांचा तळ खोदला. अणुभट्टीसकट. जगाला सांगितलं संशोधन. मनात होतं बर्फाखालून फिरवता येतील अशी शेकडो क्षेपणास्त्रं ठेवायची. बर्फ वाहतो हे तेव्हा पुरतं उमगलेलं नव्हतं, बोगदे चेंगरू लागले आणि १९६७ मध्ये तळ सोडला. क्षेपणास्त्रांची गोष्ट १९९० च्या दशकात डॅनिश चौकशीतून बाहेर आली. २०२४ मध्ये नासाच्या विमानातल्या रडारवर तळाची आकृती अवचित उमटली.

गंमत अशी की या लष्करी खटाटोपातलं सर्वांत मोलाचं निघालं ते मातीचं भांडार. १९६६ साली तिथे जवळजवळ १,४०० मीटर खोल जाऊन बर्फाच्या तळची माती वर काढली होती. ती बरण्यांत विसरली गेली, २०१७ मध्ये कोपनहेगनच्या शीतगृहात परत सापडली. तिच्यात पानं, काटक्या आणि शेवाळ होतं. सुमारे चार लाख वर्षांपूर्वी तिथे बर्फ नव्हता असा त्यावरून निष्कर्ष निघाला. ग्रीनलंडचा बर्फ आपण समजत होतो तितका पक्का नाही.

ब्रिटिश ध्रुवीय संशोधक शॅकल्टन यांचं 'एन्ड्युरन्स' जहाज १९१५ मध्ये वेडेल समुद्रात बर्फाने चिरडून बुडालं होतं. मार्च २०२२ मध्ये ते ३,००८ मीटर खोलीवर सापडलं. मागच्या बाजूला नाव ठसठशीत वाचता येतं.

डायनासोर होते का? आणि गोवा कधी अंटार्क्टिकाला जोडलेला होता का?

होते. क्रायोलोफोसॉरस या शिंगवाल्या मांसाहारी डायनासोरचे अवशेष १९९१ मध्ये ध्रुवापासून साधारण साडेसहाशे किलोमीटरवरच्या डोंगरात सापडले. नऊ कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदलीचं वर्षावन होतं. समुद्रतळातून काढलेल्या गाळात मुळं आणि परागकण मिळाले, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट यांच्या चमूने १९१२ मध्ये मरणाच्या दारातही सोळा किलो जीवाश्म ओढत आणले होते, त्यात ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं होती. भारतातल्या कोळशाच्या खाणींतही हीच पानं निघतात.

गोव्याचं म्हणाल तर थोडी निराशा. गोंडवन खंडात अंटार्क्टिकाला चिकटलेला होता भारताचा पूर्व किनारा. 'भारती'खालचे खडक पूर्व घाटाचे भाऊबंद आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा शेजारी मादागास्कर होता.

जमिनीतून वर येणारे गूढ रेडिओ संकेत पकडले गेले म्हणे.

बातमी खरी, मथळे भडक. 'अनिता' हा उपकरणांचा संच फुग्याला बांधून अंटार्क्टिकावर पस्तीस किलोमीटरहून उंच सोडतात. २००६ आणि २०१४ मधल्या उड्डाणांत त्याने काही स्पंद टिपले. ते खालून, क्षितिजाखालून वर आल्यासारखे दिसत होते. एवढा खडक भेदून येणं ओळखीच्या कणांना जवळपास अशक्य. अर्जेंटिनातल्या पिएर ऑजे वेधशाळेने आपल्या नोंदी तपासल्या, त्यांत जोड मिळाली नाही. आता संशय बर्फाच्या पृष्ठभागाजवळ लहरींच्या वळण्या-परतण्यावर आहे. परग्रहवासी कुणीच पुढे केलेले नाहीत, मथळेवाले सोडून.

खाली तेल आणि सोनं आहे म्हणून मोठी राष्ट्रं टपून बसली आहेत. २०४८ मध्ये करार संपतोय ना?

करार संपत नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराला मुदतच नाही. भारत त्यात १९८३ मध्ये सामील झाला. खाणकामावर बंदी आहे ती १९९१ च्या माद्रिद उपकराराने, जो १९९८ मध्ये लागू झाला. त्याला पन्नास वर्षं झाली की एखादं सदस्य राष्ट्र फेरविचाराची मागणी करू शकतं, एवढाच २०४८ चा अर्थ. तेव्हाही पर्यायी बंधनकारक व्यवस्था ठरल्याशिवाय बंदी उठू शकत नाही. कोळसा आणि लोहखनिज तिथे आहे हे जुनंच ज्ञात आहे. चार किलोमीटर सरकत्या बर्फाखालून ते काढायला किती खर्च येईल, हा हिशेब मात्र व्हिडिओवाले करत नाहीत.

तिथे सामान्य माणसाला जाऊ देत नाहीत. मग लपवाछपवी नाही तर काय?

पैसे असतील तर अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून पर्यटक दर उन्हाळ्यात जातात. नियम आहेत, भारताचा स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही २०२२ मध्ये झाला, पण तो पर्यावरण सांभाळण्यासाठी. करारातलं सातवं कलम तर सदस्य राष्ट्रांना एकमेकांच्या केंद्रांची केव्हाही तपासणी करू देतं. गुप्ततेचा किस्सा हवाच असेल तर तो आपल्याकडे आहे: ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम मुरगावहून 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन जहाजाने निघाली, तेव्हा देशाला पत्ता नव्हता. ९ जानेवारी १९८२ रोजी चमू बर्फावर पोहोचला आणि मग बातमी फुटली.

हा बर्फ वितळला तर गोव्याचं काय?

अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ गेला तर समुद्र जगभर सरासरी ५८ मीटर चढेल, ग्रीनलंडचा सात मीटर. हे घडायला हजारो वर्षं लागतील, तेव्हा पणजी बुडाल्याची चित्रं बघून घर विकायला काढू नका. खरा प्रश्न जवळचा आहे. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात या शतकाच्या अखेरपर्यंत २८ सेंटिमीटर ते १ मीटर वाढीचा अंदाज आहे. आपली खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, भरतीच्या पातळीलाच आहेत. बांध आणि मानस (भरतीचं पाणी अडवणारी दारं) यांवर ती तगून आहेत, आणि देखभालीअभावी बांध फुटून खारं पाणी शेतात शिरतं ते आजच. अर्धा मीटर समुद्र त्यांना पुरेसा आहे.

यात बर्फाखालच्या नकाशाचं काम थेट येतं. पश्चिमेची थ्वेट्स हिमनदी एकटी वितळली तर समुद्र ६५ सेंटिमीटर वाढेल. तिचा तळ समुद्रसपाटीखाली आहे आणि आतल्या बाजूला अधिकाधिक खोल होत जातो, म्हणून कोमट समुद्राचं पाणी एकदा आत शिरलं की माघार वेग घेऊ शकते. खाली उंचवटा कुठे आहे, जिथे ती अडून बसेल? रडारची विमानं हेच शोधत फिरतात. आणखी एक: एवढा बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. तो गेला की ते पाणी इकडे सरकतं, त्यामुळे अंटार्क्टिका वितळण्याचा फटका आपल्यासारख्या दूरच्या किनाऱ्यांना सरासरीहून थोडा जास्तच.

गोठलेले विषाणू बाहेर येऊन साथ येईल का?

२०१६ मध्ये सायबेरियाच्या यामाल भागात अँथ्रॅक्स हा जिवाणूंचा रोग उद्भवला, तो गोठलेल्या जमिनीतल्या रेनडियरच्या सांगाड्यामुळे असं मानतात. ती जमीन आहे, हिमस्तर नव्हे. हिमस्तराखालचे जीव दगड खाऊन जगतात. माणसाची त्यांना ओळख नाही.

मग खरोखर न सुटलेलं काय आहे?

माझ्या मते तीन गोष्टी. गाम्बुर्त्सेव्ह पर्वत इतके टोकदार राहिले कसे, खंडाच्या मधोमध ते उभे तरी का राहिले? विल्क्स लँडखाली सुमारे पाचशे किलोमीटर रुंदीची गुरुत्वाकर्षणाची विसंगती आहे. काहीजण तिला अशनीचं विवर म्हणतात, पण खडकाचा तुकडा हाती आल्याशिवाय ते म्हणणंच राहील. ग्रीनलंडच्या हियावाथा विवराचं उदाहरण ताजं आहे: २०१८ मध्ये ते हिमयुगातलं असेल अशी चर्चा रंगली, २०२२ मध्ये खडकाने वय सांगितलं पाच कोटी ऐंशी लाख वर्षं. आणि तिसरं, व्होस्टोकच्या पाण्यात स्वतःचे, बाहेर कुठेही नसलेले जीव आहेत का? त्यासाठी केरोसिन न लावता खाली जावं लागेल.

अंटार्क्टिकाचा शिक्का असलेलं पत्र मिळवता येतं का?

येतं. पहिलं भारतीय टपाल कार्यालय १९८४ मध्ये 'दक्षिण गंगोत्री'त सुरू झालं, नंतर ते 'मैत्री'वर गेलं, आणि एप्रिल २०२४ पासून 'भारती'वरही शाखा आहे. कारभार गोवा टपाल विभागाकडे. नवा प्रायोगिक पिनकोड एमएच-१७१८. जहाज वर्षातून एकदाच जातं, तेव्हा उत्तराची घाई करू नये.